आईला कोणी विचारले काय?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज ना उद्या एक प्रसंग येणार आहे. काहींच्या घरी तो येऊनही गेला असेल. वृद्ध आई किंवा वडील आजारी पडतात आणि डॉक्टर सांगतात, "ऑपरेशन करावे लागेल, पण धोका आहे. तुम्ही काय ते ठरवा." घरखर्च, लग्नकार्य, मुलांचे शिक्षण असे प्रश्न आजवर सोडवीत आलेले आपण अशा वेळी एकदम गप्प होतो. ज्यांनी आपल्याला जन्म दिला त्यांच्या जगण्यामरण्याविषयी आपण ठरवावयाचे, ही कल्पनाच सहन होत नाही.

पूर्वी अशा वेळी आपली माणसे काय करीत हे आपणांस ठाऊक आहे. देवाला कौल लावीत, नवस बोलत, भगताकडे जात, आणि मग जे होईल त्याला 'नशीब' हे नाव देत. धम्म स्वीकारला तेव्हा हा मार्ग आपण सोडला. परंतु एक मार्ग सोडला म्हणजे दुसरा आपोआप पायाखाली येतो असे नाही. देवावर भार टाकण्याची सोय गेली. आता विचार आपल्यालाच करावयाचा आहे. तो कसा करावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणा

आई ७८ वर्षांची. तरुणपणी तिने शेतात मजुरी केली, पुढे शहरात येऊन चार घरची धुणीभांडी केली. तिला बरीच वर्षे मधुमेह आहे, हृदयही अशक्त झाले आहे. एके दिवशी पहाटे मोरीत पाय घसरून ती पडते. उठता येत नाही. एक पाय आखूड झाल्यासारखा दिसतो आणि बाहेरच्या अंगाला वळलेला असतो. इस्पितळात एक्स-रे काढतात. खुब्यापाशी मांडीचे हाड मोडलेले असते. डॉक्टर सांगतात, "एक-दोन दिवसांत ऑपरेशन झाले तर बरे. पण वय, साखर आणि हृदय पाहता जिवाला धोका आहे."

इस्पितळाच्या व्हरांड्यात सगळे जमतात. थोरला म्हणतो, "या वयात तिची चिरफाड कशाला?" धाकटा म्हणतो, "घर गहाण टाकू, पण आईला असे सोडायचे नाही." लेक सासरहून आलेली असते, ती नुसती रडते. मामा म्हणतात, "ज्याचे त्याचे भोग." शेजारचे कोणी हाडवैद्याचे नाव सुचविते. बोलता बोलता आवाज चढतात, जुनी भांडणे निघतात. भिंतीपलीकडे खाटेवर आई जागीच असते. तिला सर्व ऐकू येत असते. तिला मात्र कोणीही काही विचारलेले नसते.

हे चित्र खोटे आहे काय? आपापल्या घरात पाहा.

भोग की कारण?

प्रथम मामांच्या वाक्याचा विचार करू, कारण ते वाक्य अजून आपल्या जिभेवरून गेलेले नाही. सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवान बुद्धांना नेमके हेच विचारले होते. माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्माचेच फळ, असे काही लोक म्हणतात. ते खरे काय? तथागतांनी ते मान्य केले नाही. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, हेळसांड, बाहेरून झालेला आघात यांमुळेही वेदना होते, हे लोकांनाही ठाऊक आहे आणि स्वतःलाही कळते, असे त्यांनी समजावून दिले. डॉ. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते ही कल्पना नाकारली आहे.

आईचे हाड मोडले, कारण मोरी ओली होती, वयपरत्वे हाडे ठिसूळ झाली होती आणि पहाटे अंधुक दिसत होते. कारण दिसले की उपायाचा विचार करता येतो. 'भोग' म्हटले की विचार तेथेच थांबतो.

'काही न करणे' हाही निर्णय आहे

थोरल्याच्या मनात वाईट नाही. आईला यातना नकोत म्हणून तो ऑपरेशनला नाही म्हणतो. पण त्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही की ऑपरेशन केले नाही तर आई आहे तशी राहील. तसे होत नाही.

खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध माणूस नुसता पडून राहिला तर मोडलेला भाग पुष्कळदा जुळत नाही, किंवा वाकडा जुळतो. कुशीवर वळविताना, खालचे कापड बदलताना प्रत्येक वेळी तो कळवळतो. पडून राहिल्याने छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, माकडहाडाशी जखमा होतात, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात आणि त्यांतील एखादी फुप्फुसात गेली तर प्राण जातो. म्हणूनच मोडलेले हाड रॉड घालून बसवावे किंवा सांध्याचा तो भाग बदलावा, आणि हे होता होईल तो लवकर करावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. इंग्लंडमधील मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रोगी दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हावी. सूज उतरेपर्यंत हाडवैद्याच्या पट्टीत घालविलेले आठ दिवस येथे फार महाग पडतात.

आता धाकट्याचीही बाजू तपासू. ऑपरेशन झाले म्हणजे आई पूर्वीसारखी झाली, असे तो समजतो. तसेही नाही. अनेक देशांतील नोंदी सांगतात की, हे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांतील एक ते तिघांतील एक वर्षभरात दगावतो, आणि यांतील बहुतेकांची शस्त्रक्रिया झालेली असते. जे वाचतात त्यांतील पुष्कळांना वॉकर किंवा काठी सुटत नाही. भुलीनंतर काही वृद्धांना दिवसेंदिवस भ्रम होतो, घरची माणसे ओळखू येत नाहीत. हृदय, मूत्रपिंड आधीच थकलेले असेल तर धोका वाढतो.

तेव्हा एका बाजूला धोका आणि दुसऱ्या बाजूला सुरक्षितता अशी ही निवड नाही. दोन्ही बाजूंना धोका आहे, दोन्ही बाजूंना दुःख आहे. मग हे दुःख कोणी निवडावयाचे? ज्याला ते सोसावयाचे आहे त्याने, असे कोणीही सरळ बुद्धीचा माणूस म्हणेल. पण आपण व्हरांड्यात उभे राहून वाद घालतो.

जीवकाने काय केले?

राजगृहाच्या एका श्रेष्ठीची गोष्ट विनयपिटकात आली आहे. त्याच्या डोक्यात असह्य वेदना होत. पाचव्या दिवशी मरेल, सातव्या दिवशी मरेल, असे सांगून वैद्यांनी त्याला सोडले होते. बिंबिसार राजाने आपला वैद्य जीवक याला त्याच्याकडे पाठविले. डोक्याची कवटी उघडून उपचार करावयाचा होता. जीवक थोर वैद्य होता, पाठीशी राजाज्ञा होती. तरीही त्याने आधी रोग्यालाच विचारले. सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने उताणे पडून राहणे तुला जमेल काय? श्रेष्ठी 'होय' म्हणाला, तेव्हाच जीवकाने शस्त्र हाती घेतले.

पुढे श्रेष्ठीला प्रत्येक कुशीवर सात दिवसांपलीकडे राहवेना, आणि तीन आठवड्यांत तो बराही झाला. तेव्हा जीवकाने सांगितले की तीन आठवडे पुरतील हे त्याला ठाऊकच होते. सात महिने म्हटले नसते तर रोगी सात दिवसही पडून राहिला नसता. वैद्याने असे वाढवून सांगावे काय, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते सांगू नये. परंतु एक लक्षात घ्या. जीवकाने वाढवून सांगितले ते कष्ट. आपण नेमके उलटे करतो. "काही नाही गं आई, लहानसे ऑपरेशन आहे, उद्या घरी जाशील," असे सांगून तिला आत पाठवितो. ती शुद्धीवर आली नाही तर तिच्याशी बोललेले आपले शेवटचे वाक्य खोटे ठरते. आणि ती शुद्धीवर आली तर महिनाभर वेदनेत पडून मनात म्हणते, 'यांनी मला फसविले.' मुसावादापासून दूर राहण्याचे शील आपण घेतो. ते व्हरांड्यातून खाटेपर्यंत जाताना सुटू नये.

देशाचा कायदाही हेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात निर्णय दिला, त्यात रोगी स्त्री भुलेखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया उरकली होती. न्यायालयाने ती संमती धरली नाही. सज्ञान आणि विचार करू शकणाऱ्या माणसाच्या शरीराविषयी संमती त्याचीच हवी. जीव वाचविण्याची घाई असेल तर गोष्ट निराळी. तेथे आईची सही लेकीसाठी चालली नाही, मग लेकाची सही आईसाठी कशी चालावी? ती शुद्धीवर आहे, तिला समजते, तर कागद तिच्यासमोर गेला पाहिजे. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखविला पाहिजे.

तिच्या 'नको'चा अर्थ

येथे खरी अडचण सुरू होते. तुम्ही आईजवळ जाता, विचारता, आणि ती म्हणते, "नको रे बाबा. माझ्यावर पैसे घालवू नका."

झाले? निर्णय मिळाला? थोडे थांबा. जिने जन्मभर सर्वांना वाढून उरलेले खाल्ले, ताप अंगावर काढला, नवे लुगडे 'मला कशाला' म्हणून बाजूला ठेवले, तिच्या तोंडी 'नको' हा शब्द बसलेला असतो. विचारण्याआधीच तो बाहेर येतो. आपण ओझे आहोत, हे तिला शंभर वेळा न बोलता सांगितले गेलेले असते. अशा 'नको'ला तिची इच्छा समजून लगेच मान डोलविणे आपल्याला सोयीचे असते. सोयीचे आहे म्हणूनच त्याविषयी शंका घेतली पाहिजे.

परंतु दुसराही एक 'नको' असतो. "मी पुष्कळ जगले. तुझ्या बापाला नळ्या लावलेले मी पाहिले आहे. मला तसे नको. मला घरी ने." हे विचारपूर्वक बोललेले 'नको' आहे. ते ऐकून काळजात चर्र होईल, पण ते मानलेच पाहिजे. 'आम्ही तुझ्यासाठी जिवाचे रान करू' असे म्हणून तिला जबरदस्तीने आत नेण्यात प्रेम असेलही, पण तिला माणूस म्हणून मान मात्र नाही.

हे दोन 'नको' ओळखावयाचे कसे? खरे काय ते तिला सर्व सांगा. करण्याचा धोका सांगा, न करण्याचाही सांगा. पैशाची बाब तिच्या डोक्यावरून काढा. सोय काय झाली आहे ते सांगा, किंवा तो विचार आम्ही करू म्हणून सांगा. मग पुन्हा विचारा. दहा माणसांच्या गर्दीत विचारू नका, एकटीला विचारा. लेकापाशी जे बोलणार नाही ते ती लेकीपाशी किंवा सुनेपाशी बोलेल. आणि 'करायचे की नाही?' एवढाच प्रश्न विचारू नका. 'तुला सर्वांत भीती कशाची वाटते?' असे विचारा. 'बरी झालीस तर काय करता यावे असे वाटते?' असे विचारा. आपण सगळे 'ती जगेल का?' या प्रश्नात गुंतलेले असतो. कदाचित ती एवढेच म्हणेल, "मला माझी माझी मोरीपर्यंत जाता येईल का?" मग हाच प्रश्न डॉक्टरांना विचारा. त्याच्या उत्तरातून पुष्कळ उलगडेल.

'तुम्ही ठरवाल ते,' असेही ती म्हणेल. आपल्याकडे वडीलमाणसे असे म्हणतात, आणि तो त्यांचा विश्वास असतो. तो स्वीकारावा. पण मग ठरविताना 'मला काय हवे?' असा विचार न करता 'तिने काय म्हटले असते?' असा करावा. भान हरपलेल्या, स्मृती गेलेल्या आईवडिलांच्या बाबतीतही हीच कसोटी आहे. ती पूर्वी काय बोलत असे, कोणाचे मरण पाहून काय म्हणाली होती, ते आठवावे. म्हणूनच घरात या गोष्टी आधी बोलून ठेवाव्यात. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. मरणाविषयी बोलणे अशुभ, ही समजूत आपण केव्हाच टाकून दिलेली आहे ना?

पैशाविषयी स्पष्ट बोलावे

पैशाचा विचार करणे पाप नाही. नातवाच्या शिक्षणाचे पैसे, लेकीचे लग्न, सावकाराचे व्याज ही खरी दुःखे आहेत आणि आईलाही ती कळतात. वाईट आहे ते पैशाची अडचण 'या वयात कशाला' या शब्दांआड लपविणे. ती उघड बोलली तर तिला वाट सापडू शकते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय २०२४ सालापासून झाली आहे. त्याचे कार्ड आई धडधाकट असतानाच काढून ठेवावे. धर्मादाय इस्पितळांत गरिबांसाठी राखीव खाटा असतात. सरकारी इस्पितळ आहेच. हे सर्व पाहूनही भागत नसेल, तर तसे आईला खरे सांगावे. तिने जन्मभर गरिबी पाहिली आहे. खोटे तिच्यापाशी टिकत नाही.

आणि एक खर्च कोणीच मोजत नाही. तो म्हणजे शुश्रूषेचा. ऑपरेशन करा किंवा करू नका, काही महिने तिला उठवावे, बसवावे, धुवावे, भरवावे लागेल. हे कोण करणार? निर्णय लेक घेतात आणि रात्री सून जागते, असे असेल तर त्या निर्णयात सुनेलाही शब्द हवा, आणि लेकाच्या हाती भांडे हवे. अतिसाराने स्वतःच्या मळात पडलेला एक भिक्खू तथागतांनी पाहिला. तो आमच्या उपयोगी पडत नसे म्हणून आम्ही त्याच्याकडे पाहत नाही, असे इतर भिक्खू म्हणाले. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी त्याला उचलून खाटेवर ठेवले. त्यानंतर त्यांनी आजाऱ्याची शुश्रूषा ही स्वतःच्या सेवेच्या बरोबरीची ठरविली. ज्यांच्या हातून हे काम झाले ते बुद्ध होते. आपल्याला त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

ती गेली तर?

आता शेवटचा आणि सर्वांत जड प्रश्न. तिने 'होय' म्हटले, आपण सही केली, आणि ती टेबलावरच गेली. किंवा तिने 'नको' म्हटले, आपण ऐकले, आणि तीन आठवड्यांत ती गेली. मग जन्मभर मन खात राहते, 'मी आईला मारले काय?'

नाही. धम्मात कर्माचे मूळ चेतना मानली आहे. हेतू कोणता होता, डोळे उघडे ठेवून शक्य तेवढे जाणून घेतले काय, तिचे म्हणणे ऐकले काय, हे पाहावयाचे. फळ आपल्या एकट्याच्या हाती कधीच नव्हते. त्याला शंभर कारणे असतात. चांगल्या हेतूने, विचारपूर्वक घेतलेला निर्णय मृत्यूने चुकीचा ठरत नाही. तसाच बेपर्वाईने घेतलेला निर्णय रोगी वाचल्याने बरोबर ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा.

नेदरलँड्समध्ये शुश्रूषागृहांत राहणाऱ्या, आधीच फार खंगलेल्या आणि खुब्याचे हाड मोडलेल्या १७२ वृद्धांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर, रोगी आणि घरचे यांनी मिळून बोलून ठरविले होते. निम्म्यांच्या आसपास लोकांनी शस्त्रक्रिया नको म्हटले आणि वेदना शमविण्याचेच उपचार घेतले. त्यांतील बहुसंख्य महिन्याभरात गेले. तरी हयात असेतो त्यांच्या दिवसांची प्रत शस्त्रक्रिया झालेल्यांच्या तुलनेने कमी भरली नाही. म्हणून सर्वांनी 'नको' म्हणावे असे नव्हे. चालतीफिरती असलेली, जगण्याची आवड असलेली आई हिची गोष्ट वेगळी; तिला बहुधा शस्त्रक्रियाच हिताची. पण काही माणसांसाठी मलमपट्टी, वेदनाशामक औषध आणि जवळ बसलेले माणूस हाच योग्य उपचार असतो. स्वतः तथागतांनी ८० व्या वर्षी बेळुव गावी कठीण आजार निर्धाराने मागे सारला, कारण संघाशी बोलणे राहिले होते. आणि त्याच वेळी आपले शरीर दोऱ्या बांधून कसेबसे चालविलेल्या जुन्या गाड्यासारखे झाले आहे, हेही त्यांनी आनंदाला सांगितले. झुंजणे आणि स्वीकारणे ही दोन्ही त्यांच्याच जीवनात आहेत.

तेव्हा बंधु-भगिनींनो, हा प्रसंग तुमच्या घरी आला तर व्हरांड्यातला वाद थोडा वेळ थांबवा. डॉक्टरांना सर्व विचारून घ्या. मग एकाने आत जावे, आईच्या खाटेशी बसावे, तिचा हात हातात घ्यावा, आणि खरे ते सांगून विचारावे, "आई, तुला काय वाटते?" ती बोलेपर्यंत उठू नये.